लहरबंद डबा

ही गोष्ट कुणाला पटणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पत्रेकाकांनी चालता-बोलता फोन डब्यात कोंडला आणि झाकण उघडल्यावर आतून त्यांच्या जावयाचा आवाज बाहेर आला, तोही थेट समुद्रावरून, असं म्हटलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग हळूच सांगणाऱ्याच्या तोंडाचा वास घेतो. घेऊ दे. या गोष्टीवर विश्वास ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, पण ती मध्येच सोडून उठून गेलेलाही कुणी नाही.

पत्रेकाका म्हणजे पत्र्याचं काम करणारे. पुढे दुकान आणि मागे दोन खोल्यांचं बिऱ्हाड. दुकानात पाऊल ठेवलं की डोक्यावर टांगलेली नरसाळी, भिंतीला लावलेली पिंपं, खाली पत्र्याच्या कातरणांचा चुरा, आणि मध्ये बसकं स्टूल टाकून काका. एका हाताला लाकडी हातोडी, दुसऱ्या हाताला सांधे जोडायचा डाख आणि तो वितळवायची तापली कांडी. त्यांचा डाख म्हणजे डाख. त्यांच्या डब्यातल्या साखरेला मुंगी लांबूनच नमस्कार करून पुढे जायची. एक गिऱ्हाईक तर त्यांच्या पिंपात उभं राहून भरल्या नदीतून पलीकडे गेलं आणि उतरल्यावर त्याच्या पायातले मोजे कोरडे निघाले. हे काका स्वतः सांगत, म्हणजे खरंच असणार.

तर अशा या माणसाला एकच लेक. तिचा नवरा मालवाहू जहाजावर. जहाज खोल समुद्रात असलं की त्याचा ना फोन ना निरोप. बंदराला लागलं की फोन. लेकीचे दिवस भरत आले होते आणि एकटी कशाला राहतेस म्हणून काकूंनी तिला इकडेच आणून ठेवली होती. आली ती पोट सांभाळत आणि फोन कवटाळत. चालताना फोन हातात, जेवताना ताटाशेजारी, आणि झोपताना तर चक्क पोटावर. आवाज नाही ऐकू आला तरी थरथर कळावी म्हणून. फोन आला की ती आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेई. मग दारामागून तिचं हसणं तेवढं ऐकू येई, आणि बाहेर काका हातोडी हळू चालवत.

हे असंच चाललं असतं. पण काकांची दाढी वाढली.

समोरचा केशकर्तनवाला हा गल्लीतला सर्वज्ञ. त्याने काकांच्या गालाला साबण लावला आणि विचारलं की लेक फोन पोटावर ठेवून झोपते ते तुम्हाला चालतं का. काकांचं तोंड फेसात, त्यामुळे त्यांना उलट विचारता येईना. मग त्याने वस्तरा चालवत चालवत सगळं सांगितलं. फोनमधून लहरी निघतात. दिसत नाहीत, वास नाही, आवाज नाही. एका माणसाने फोन उशीखाली ठेवला तर सकाळी उशीतला कापूस भाजल्यासारखा निघाला. दुसऱ्याने खिशात ठेवला तर शर्टाचं बटण वितळलं. मग पोटातल्या बाळाचं काय, ते तुमचं तुम्ही बघा. काका एका गालाची दाढी करून उठणार होते, पण बाकावर वाट बघत बसलेल्या गिऱ्हाइकाने तोंड उघडलं. तो म्हणाला, ह्या सगळ्या बाता. त्याच्या आजोबांनी आयुष्यात फोन पाहिला नाही, तरी ते गेलेच. केशकर्तनवाला म्हणाला, याला काय अर्थ आहे. गिऱ्हाईक म्हणालं, अर्थ तुम्ही लावा. दोघांची जुंपली, आणि काका एक गाल गुळगुळीत, एक खरखरीत असे घरी आले.

डोक्यात तेवढाच गोंधळ. हा म्हणतो लहरी आहेत, तो म्हणतो काही नाही. मग शर्टाचं बटण कुणाचं वितळलं?

त्या दिवसापासून काकांची तऱ्हाच बदलली. फोन वरच्या खिशात ठेवावा तर तिथे काळीज. पँटच्या खिशात ठेवावा तर तिथेही माणसाचं काही ना काही असतंच. पाठीमागे ठेवला तर त्यावर बसले. मग त्यांनी फोन दुकानाच्या दोरीला, नरसाळ्यांच्या रांगेत टांगला, आणि एका गिऱ्हाइकाने त्याचा भाव विचारला. फोन वाजला की ते तो तापला पत्रा धरायच्या लांब चिमट्यात धरून कानापासून दूर न्यायचे आणि पलीकडच्या माणसावर ओरडायचे. स्पीकर लावून बघितला. तर काकूंच्या वहिनीने काकूंच्या सासरबद्दल जे मत दिलं ते अख्ख्या गल्लीला कळलं, आणि केशकर्तनवाल्याने तर त्यावर आपलंही मत दिलं. काकू म्हणाल्या, त्या लहरी परवडल्या, पण एवढं थांबवा.

लेकीला त्यांनी भीत भीत सुचवलं, की बाळ, फोन जरा लांब ठेवत जा. लेक म्हणाली, ठेवते. आणि तो उजव्या हातातून डाव्या हातात घेतला.

शेवटी काकांनी काकूंच्या धाकट्या बहिणीला बोलावणं धाडलं. ही मावशी दवाखान्यात परिचारिका. तिचं बोलणं सरळ, आणि तिला घाई असायची. ती उभ्या उभ्याच सांगून गेली. या लहरी एक्स-रेच्या जातीच्या नाहीत, फार कमी ताकदीच्या असतात. इतकी वर्षं लोक तपासताहेत. पोटातल्या बाळाला त्यांनी अपाय होतो असं ठामपणे काही सापडलेलं नाही. तपासणं अजून चालू आहे. पण जिवाला धास्ती वाटत असेल तर साधं आहे. फोन अंगाला चिकटवून ठेवू नये. वायरचे इयरफोन लावून बोलावं. झोपताना तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा. आणि रेंजची एकच काडी दिसत असेल तेव्हा लांबलचक गप्पा मारू नयेत, कारण टॉवर नीट सापडेना की फोन जास्त जोर लावतो, आणि तेव्हाच जास्त लहरी सोडतो.

काका सगळं ऐकून आणखीच गोंधळले. अपाय सापडला नाही म्हणतेस, आणि वर लांबही ठेव म्हणतेस, हे कसं काय?

"भाऊजी," मावशी चप्पल घालता घालता म्हणाली, "तुम्ही छत्री घेऊन बाहेर पडता ते दर वेळी पाऊस पडतो म्हणून का?"

मग किती लांब, हा काकांचा पुढचा प्रश्न. हातभर लांब असला तरी पुष्कळ फरक पडतो, असं ती म्हणाली आणि गेली.

आता इथे खरी मेख आहे. पत्र्याच्या माणसाला अंतर कळत नाही, त्याला भिंत कळते. उंदीर हातभर लांब ठेवून चालतो का? दमट हवेला हातभर लांब राहा म्हणून सांगता येतं का? मध्ये पत्रा घालावा लागतो. सगळा जन्म ज्याने नको ती गोष्ट पत्र्याने अडवली, त्याला हातभर मोकळी हवा ही काय राखण वाटणार. काकांनी मावशीचं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि कातरायला पत्रा काढला.

तो डबा बघायला हवा होता. वीतभर लांब, आतून कापडाचं अस्तर, कडा दोनदा दुमडलेल्या, सांध्याला बाहेरून डाख आणि आतून डाख. झाकण तर असं बसायचं की लावताना हवा बाहेर पडून उसासा टाकल्यासारखा आवाज यायचा. काकांनी तो पाण्याने भरून उलटा टांगला, थेंब गळला नाही. काकूंनी विचारलं की यात ठेवलेला फोन वाजलेला ऐकू येणार का. रास्त प्रश्न होता. काका म्हणाले, मी काय दुधखुळा आहे. त्यांनी स्वतःच्या फोनला गजर लावला, फोन डब्यात ठेवला, झाकण दाबलं आणि दोघं हाताची घडी घालून उभे राहिले. गजर झाला. झाला म्हणजे काय, पत्र्याने तो दुप्पट केला, आणि वर टांगलेली सगळी नरसाळीही त्याच्या सुरात किणकिणली. समोरून केशकर्तनवाला कात्री घेऊन धावत आला, कुठे काय पेटलं म्हणून. लहरी आत, आवाज बाहेर. याहून आणखी काय हवं?

त्याच दिवशी जावयाचं जहाज बंदराला लागणार होतं. दुपारी लागणार आणि माल चढवून संध्याकाळच्या आत सुटणार. पुढे नुसता समुद्र. त्याचा त्यानंतरचा फोन यायचा तो बाळ जन्मून पालथं पडायला लागल्यावर. लेक सकाळपासून धड जेवली नव्हती. मधल्या खोलीतून आतल्या खोलीत, आतल्या खोलीतून मधल्या खोलीत. पाय सुजलेले, डोळे जड झालेले. काकूंनी तिला बळेच आडवं केलं. तिने फोन पोटावर ठेवला आणि बापाला म्हणाली, "बाबा, डोळा लागला तर वाजल्यावर लगेच उठवा. आजचा चुकला तर मग नाही."

काका म्हणाले, मी बसलोय ना.

आणि खरोखरच बसले. तिचा श्वास लांबला तसा त्यांनी हळूच तिच्या बोटांखालून फोन काढला. डब्यात ठेवला. मग वाटलं, घरातल्या लहरी घालवायच्या तर अर्ध्याच कशाला, म्हणून स्वतःचाही फोन त्याच्या शेजारी निजवला. झाकणाने उसासा टाकला. काका स्टूल ओढून डब्याला कान लावून बसले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या डोक्यातला गलका थांबला होता. लेक झोपली आहे, बाळ पत्र्यापलीकडे सुरक्षित आहे, आणि फोन आला की नरसाळी सांगतील.

नरसाळी गप्प होती.

काकांनी वाट पाहिली. खिडकीतलं ऊन जमिनीवरून उठून पलंगाच्या पायाला लागलं. काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या, त्यांनी भुवई उचलून विचारलं, आला का. काकांनी मान हलवली. जहाजाला उशीर झाला असेल. जहाज म्हणजे काय सायकल आहे? मग त्यांनी डब्यावर हात ठेवला, तर डबा कोमट. थोड्या वेळाने पुन्हा ठेवला, तर चांगला गरम. काकांनी काकूंना खुणेने बोलावून त्यांचा हात डब्यावर ठेवला. बघ, म्हणाले, लहरी आतल्या आत आपटून आपटून पत्रा तापला. एवढं सगळं पोरीच्या पोटावर गेलं असतं. काकूंनी डब्याकडे असं पाहिलं की जणू आत नाग आहे. काकांना इतका अभिमान वाटला की त्यांनी मनातल्या मनात दुकानावर नवी पाटीसुद्धा लावली.

ऊन पलंग ओलांडून भिंतीवर चढलं, तेव्हा मात्र काकूंना राहवेना. त्या कुजबुजल्या की उघडून तरी बघा.

काकांनी झाकण काढलं. दोन्ही फोन तव्यावरून उतरवल्यासारखे. लेकीच्या फोनची बॅटरी जेमतेम तळाला उरलेली. आणि मग, काका पाहतच होते, खुराड्याचं दार उघडल्यावर कोंबड्यांनी उधळावं तसे एकामागून एक संदेश बाहेर पडले. फोन आला होता. पुन्हा आला होता. पुन्हा. पुन्हा. मग काकांच्या फोनवरही आला होता. शेवटचा येऊन गेला त्यालाही बराच वेळ झाला होता.

काका ताडकन उठले. त्यांनी दुकानात जाऊन उलटा फोन लावला. एका बाईने गोड आवाजात सांगितलं की आपण ज्यांना फोन केला आहे ते संपर्काच्या बाहेर आहेत. काकांनी तिला विचारलं की कधीपर्यंत येतील. ती तेच म्हणाली. काकांनी तिला सगळी हकीगत सांगितली, की लेक अशी अवघडलेली आहे, जरा बघा. ती पुन्हा तेच म्हणाली, तितक्याच गोडीने. चिमट्यात धरून, कानाला लावून, गल्लीत जाऊन, स्टुलावर चढून त्यांनी पुन्हा पुन्हा लावला. जहाज गेलं होतं.

मग मावशीला लावला. तिला आधी काही उमजेना, कारण काका डब्यापासून सुरू करण्याऐवजी नदीतल्या पिंपापासून सुरू झाले. पण वाजत कसा नव्हता, असं ते विचारत राहिले. गजर तर वाजला होता. तिच्या बहिणीने स्वतः ऐकला. सगळ्या नरसाळ्यांनी ऐकला.

"गजर फोनच्या पोटातला असतो, भाऊजी," मावशी म्हणाली. "फोन येतो तो बाहेरून. त्याला यायला तुम्ही फट तरी ठेवली का?"

आणि डबा तापला तो का? तर टॉवर सापडेना म्हणून फोन बिचारा आत घसा फोडून ओरडत होता. ज्या लहरी कमी करायच्या म्हणून एवढा डाख ओतला, त्याच काकांनी वाढवल्या होत्या. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला ठेवला असता तर भागलं असतं. काकांनी फोन ठेवला. फट ठेवली नाही हा दोष त्यांना उभ्या जन्मात कुणी दिला नव्हता.

ते मधल्या खोलीत आले तेव्हा लेक उठून बसली होती. केस विसकटलेले, गालावर उशीच्या सुरकुत्या. तिने आधी पोटावर हात नेला, मग पांघरुणाखाली, मग बापाच्या हाताकडे पाहिलं. एका हातात फोन, दुसऱ्यात डबा.

"आला होता?" तिने विचारलं.

काकूंनी हातातली घडी तशीच धरून ठेवली. काका स्टुलावर बसले. खरं सांगायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं होतं, याला काकू साक्षीदार आहेत. पण लेकीचा चेहरा बघितला आणि ते तोंड दुसरीकडेच वळलं.

आला होता ना, ते म्हणाले. पण झालं काय, की हा पडला माझा डबा. आत आलेला फोन आतच अडकला. वाजायला बाहेर यावं तर फट नाही. जावईबापू आत बोलत राहिले आणि त्यांचं बोलणं तिथेच साठत गेलं. बोलून बोलून डबा तापला, हवं तर आईला विचार, तिने हात लावून पाहिलाय. मी झाकण काढलं तसा आवाज बाहेर आला. आधी नुसता समुद्र. मग त्यांचा. आम्ही दोघांनी ऐकला. तुला उठवणार तोवर विरून गेला, डब्यातल्या वाफेसारखा. पण शब्द न् शब्द माझ्या ध्यानात आहे.

काकू दाराकडे बघू लागल्या.

लेकीने विचारलं, काय म्हणाला.

काका जे सुटले ते सुटलेच. म्हणाले की घाबरू नकोस, असं सांगितलंय. पायांची सूज उतरते, सगळ्यांची उतरते. जिना उतरताना कठड्याला धर आणि घाई करू नकोस, घाई करण्यासारखं जगात काही नाही. रात्री झोप लागली नाही तर हाक मार, कुणी ना कुणी जागंच असतं. बाळाला पहिल्यांदा हातात घेतलं की वाटतं, आता पडणार. आपले हात खरखरीत आणि ते एवढं मऊ, त्याला ओरखडा उठेल असं वाटतं. नाही उठत. ते आपल्याहून घट्ट असतं. आणि मुलगी झाली तर फार चांगलं. मुलगी झाली तर घरात कुणीतरी ऐकणारं येतं. ती मोठी झाली, दाराआड जाऊन हसायला लागली, तरी बाहेर बसलेल्याला बरं वाटतं. हे सगळं सांगायचं राहून जातं, कारण कामं असतात, ठोकाठोक असते. पण तू त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. तुझी काळजी घेणारा माणूस अडाणी असला तरी काळजी अडाणी नसते, एवढं लक्षात ठेव.

इथे काका थांबले. त्यांचं त्यांनाच कळेना की यातलं किती डब्यातून आलं. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं, आणखी काही उरलंय का म्हणून.

लेक सरकून पलंगाच्या कडेला आली. तिने डोळे पुसले, फोन त्यांच्या हातातून घेतला आणि न बघताच उशीपासून लांब, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"थापा मारू नका, बाबा," ती म्हणाली. "तो फोनवर बोलतच नाही. कधीच नाही. मी बोलते आणि तो नुसता हं म्हणतो, आणि मला तेवढंच हवं असतं. एवढं बोलणारा माणूस मला एकच माहीत आहे, आणि तो जहाजावर नाहीये."